बांबू, टॉवेल आणि गावाचं सांडपाणी

एक लांब बांबू घ्यायचा. त्याच्या खालच्या भागावर पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळायचा, सुतळीने बांधायचा. छोट्या होडीतून सांडपाण्याच्या तळ्यात आत जायचं आणि बांबू सरळ उभा धरून तळाला टेकेपर्यंत खाली सोडायचा. क्षणभर थांबायचं, मग हळूच वर काढायचा. पाणी निथळून जातं, पण गाळाचे कण टॉवेलच्या विणीत अडकून राहतात. टॉवेल जिथपर्यंत काळा, तिथपर्यंत गाळ. टेप लावायचा, आकडा वहीत लिहायचा आणि होडी पुढच्या जागेकडे वळवायची.

सांडपाण्याच्या तळ्याची ही सगळ्यात साधी चाचणी. याला प्रयोगशाळा लागत नाही, वीज लागत नाही, पदवी लागत नाही. लागतो तो बांबू धरणारा माणूस. छोट्या गावात अशी तळी बांधायची चर्चा निघाली की खोदाई किती, पाइप कोणता, कुंपण तारेचं की भिंतीचं, उद्घाटनाला कोण, इथपर्यंत सगळं बोलून होतं. आठव्या वर्षी बांबू कोण धरणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या छोट्या वस्तीला थोडी जमीन मिळू शकते, तिने सांडपाण्यासाठी यंत्रांचा प्रकल्प न घेता तळीच घ्यावीत. पण ज्या कारणासाठी ती बहुतेक वेळा निवडली जातात, म्हणजे ‘एकदा खोदलं की काही बघावं लागत नाही’, ते कारण खोटं आहे. तळ्यांची बदनामी झाली आहे ती मुख्यतः या एका वाक्यामुळे. ते त्यांच्या विरोधकांनी पसरवलं नाही. त्यांच्या समर्थकांनीच गावाला खूश करण्यासाठी ते वापरलं.

आधी तळ्यात घडतं काय, ते बघू. घराघरांतून येणारं मैलापाणी दिसायला कितीही ओंगळ असलं तरी वजनाने जवळजवळ ९९.९ टक्के पाणीच असतं. सगळा त्रास उरलेल्या कणभर भागाचा. त्यातले सेंद्रिय पदार्थ जीवाणू खातात आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. हे पाणी तसंच ओढ्यात सोडलं तर जीवाणू ओढ्यातला प्राणवायू संपवतात आणि मासे गुदमरतात. जीवाणूंना लागणाऱ्या या प्राणवायूचा हिशेब म्हणजे बीओडी. शुद्धीकरण म्हणजे काय, तर ही खाण्याची क्रिया ओढ्यात होऊ न देता आपण ठरवलेल्या जागी उरकून घ्यायची. यंत्रांच्या प्रकल्पात त्यासाठी टाकीत ब्लोअरने हवा फुंकतात. तळ्यात तेच काम शेवाळ करतं.

इथे शेवाळ म्हणजे दगडावरचा घसरडा थर नव्हे. पाण्यात तरंगणारं, डोळ्यांना सुटं न दिसणारं हिरवं सूक्ष्म शेवाळ. दिवसा ऊन पडलं की ते प्राणवायू सोडतं, जीवाणू तो घेतात. जीवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो शेवाळ घेतं. दोघांचं हे देणंघेणं चालू असेपर्यंत तळं हिरवंगार आणि जवळपास बिनवासाचं असतं. दीडेक मीटर खोलीच्या तळ्यात वरच्या थरात हा प्रकार चालतो, तर तळाशी, जिथे प्रकाश आणि प्राणवायू पोचत नाही, तिथे दुसऱ्या जातीचे जीवाणू खाली बसलेला गाळ सावकाश पचवत असतात. एकाच तळ्यात दोन वेगळे संसार, म्हणून त्याला ‘फॅकल्टेटिव्ह’ तळं म्हणतात.

दुपारी या तळ्याचा सामू (पीएच) तपासला तर गंमत दिसते. शेवाळ कार्बन डायऑक्साइड इतक्या भराभर ओढून घेतं की पाणी अल्कधर्मी होत जातं, सामू ९ च्या वर सरकतो. रोगकारक जीवाणूंना हे सोसत नाही. वरून ऊन, पाण्यात भरपूर प्राणवायू आणि वाढलेला सामू, असा तिहेरी मारा त्यांच्यावर होतो. म्हणून पुढची ‘मॅच्युरेशन’ तळी, म्हणजे उरलेले जंतू मारण्यासाठीची शेवटची तळी, उथळ, सुमारे एक मीटर खोलीची ठेवतात, म्हणजे ऊन जास्तीत जास्त पाण्याला मिळतं. जंतांची अंडी जीवाणूंपेक्षा चिवट, त्यांच्यावर उन्हाचा फारसा परिणाम होत नाही. पण ती जड असतात. पाणी पुरेसे दिवस शांत उभं राहिलं की ती तळाशी बसतात. यंत्राच्या प्रकल्पात पाणी काही तासांत बाहेर पडतं आणि जंतू मारायला वेगळं क्लोरीन लागतं. तळ्यात ते काही आठवडे थांबतं. छोट्या गावाकडे पैसा, वीज, तंत्रज्ञ यांचा तुटवडा असेल, पण वेळ भरपूर असतो, आणि तळं वेळावरच चालतं.

आता यंत्रांबद्दल. मी यंत्रांचा शत्रू नाही. मोठ्या शहरात एकराच्या तुकड्यात लाखो लोकांचं सांडपाणी शुद्ध करायचं तर दुसरा उपाय नाही. पण प्रकल्पाच्या विजेपैकी साधारण निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा एकट्या हवा फुंकण्यात जातो. वीज गेली की टाकीतले जीवाणू काही तासांत गुदमरू लागतात आणि वीज आल्यावर लगेच पूर्वपदावर येत नाहीत. शहरात अशा वेळी जनरेटर असतो, पाळीवर माणूस असतो, सुट्या भागांचं कपाट असतं. तीन हजार वस्तीच्या गावात ब्लोअरचं बेअरिंग गेलं की मेकॅनिक येईपर्यंत आठवडा जातो. भाग मिळायला दुसरा. तोवर वीजबिल बघून कुणीतरी म्हणतं, रात्रीचं बंदच ठेवूया. तिथून पुढे टाकी म्हणजे मैलापाणी एका पाइपातून घेऊन दुसऱ्या पाइपातून सोडणारी सिमेंटची खोली.

तळं असं एका रात्रीत मरत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू मरतं. हाच त्याचा मोठा गुण आहे, आणि हाच मोठा धोका. यंत्र बंद पडलं की आवाज थांबतो, सगळ्यांना कळतं. तळं बिघडायला लागलं तर पाच-सात वर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

थोडं गणित करू, कारण या विषयात गणित न करता मत देणं म्हणजे वाऱ्यावर बोलणं. समजा वस्ती ३,००० ची आहे. माणशी दिवसाला ४० ग्रॅम बीओडी आणि ८० लिटर सांडपाणी धरलं, तर रोज १२० किलो बीओडी आणि २४० घनमीटर पाणी. सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान २० अंश धरू. या तापमानाला फॅकल्टेटिव्ह तळ्यावर हेक्टरी रोज सुमारे २५० किलो बीओडीचा भार टाकता येतो. तो आकडा १० अंशांना १०० किलोवर उतरतो, म्हणजे थंड प्रदेशात तेवढ्याच गावाला अडीचपट तळं लागतं.

आता दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात सुरुवातीला एक खोल, बिनहवेचं तळं करायचं: सुमारे तीन मीटर खोल, ४०० घनमीटरचं, पाणी त्यात सुमारे पावणेदोन दिवस राहील. ते साधारण ६० टक्के बीओडी तिथेच कमी करतं. त्यामुळे पुढचं फॅकल्टेटिव्ह तळं १,९०० चौरस मीटरमध्ये भागतं. त्यापुढे प्रत्येकी पाच दिवसांची दोन मॅच्युरेशन तळी, मिळून २,४०० चौरस मीटर. बांध, रस्ता, कुंपण धरून सगळं दीड-पावणेदोन एकरांत बसतं. दुसऱ्या मार्गात ते खोल तळं वगळायचं आणि सगळा भार फॅकल्टेटिव्ह तळ्यावर टाकायचा. मग तेच तळं ४,७०० चौरस मीटरचं होतं आणि एकूण जागा अडीच एकरांवर जाते.

कागदावर पहिला मार्ग शहाणपणाचा दिसतो. एक एकर वाचली! पण आता गाळाचा हिशेब लावा. उष्ण हवामानात माणशी वर्षाला ०.०४ घनमीटर गाळ साचतो असं धरून अभियंते आखणी करतात. तीन हजारांचा झाला १२० घनमीटर. खोल तळं एक-तृतीयांश भरलं की उपसायचं असतं, आणि ४०० चा एक-तृतीयांश म्हणजे १३३. म्हणजे साधारण दर वर्षी उपसा. पाच हजार लिटरचे चोवीस टँकर काळा, पातळ, जंतांच्या अंड्यांनी भरलेला गाळ, दर वर्षी, न चुकता. तो कुठे नेणार? कोण नेणार? पैसे कोण देणार? दुसऱ्या मार्गातलं मोठं तळं त्याच हिशेबाने पाव भरायलाच चौदा-पंधरा वर्षं घेतं, आणि इतक्या वर्षांत तळाचा गाळ पचून, दबून आणखी कमी होतो.

म्हणजे जमीन वाचवली की गाळ लवकर दारात येतो. पाठ्यपुस्तकातला उत्तम आराखडा आणि गावाला पेलणारा आराखडा एकच नसतो. जमीन मिळत असेल तर छोट्या गावाने खोल तळ्याच्या मोहात पडूच नये. त्याला आणखी दोन कारणं आहेत. दुर्गंधी येते ती बहुधा याच तळ्यातून, आणि उघड्या खोल तळ्यातून मिथेन हवेत जातो. हवामानाच्या दृष्टीने मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा कित्येक पट उपद्रवी आहे. मोठ्या ठिकाणी तळ्यावर झाकण घालून तो बायोगॅस म्हणून पकडता येतो. छोट्या गावात ते झाकण फाटेपर्यंतच टिकतं.

हे तंत्र काही मागास देशांसाठी काढलेली तडजोड नाही, हेही सांगायला हवं, कारण ‘आम्हाला डबकं देता आणि शहराला प्लांट’ ही तक्रार बैठकांत हमखास ऐकू येते. त्या तक्रारीमागचा अपमान मला समजतो. पण इतिहास वेगळं सांगतो. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्यातल्या फेसेंडेन या छोट्या गावाने १९२८ मध्ये पैशांअभावी आपलं सांडपाणी गावाबाहेरच्या एका नैसर्गिक खोलगट भागात सोडलं, आणि काही काळाने लोकांच्या लक्षात आलं की तिथलं पाणी आपोआप सुधारतंय. त्याच राज्यात मॅडक इथे १९४८ मध्ये याच कामासाठी रीतसर आखलेलं तळं झालं. आज अमेरिकेत हजारो छोट्या गावांचं सांडपाणी तळ्यांतच शुद्ध होतं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराचं निम्म्याच्या आसपास सांडपाणी वेरिबीच्या लगूनमध्ये, म्हणजे अशाच मोठ्या तळ्यांत, जातं. तिथे यंत्रांचीही जोड आहे, पण गाभा तळ्यांचाच आहे, आणि तो परिसर स्थलांतरित पक्ष्यांसाठी रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, आहे. दुर्बीण घेऊन लोक सांडपाण्याच्या काठी पक्षी बघायला जातात. डबकं म्हणून हिणवणाऱ्यांना एवढं पुरे.

यापेक्षा गंभीर आक्षेप मोजपट्टीचा आहे. तळ्यातून बाहेर पडणारं पाणी हिरवट असतं. त्यात शेवाळ असतं, आणि शेवाळही सेंद्रियच. ते प्रयोगशाळेत नेलं की तरंगते कण जास्त निघतात, बीओडीही जास्त निघतो आणि अहवालावर शिक्का बसतो: नापास. पण सांडपाण्यातला मैला आणि उन्हात वाढलेलं शेवाळ एकाच काट्यावर तोलणं बरोबर नाही. जे नियम करणारे यावर थांबून विचार करतात त्यांना हे कळतं. युरोपच्या १९९१ च्या नागरी सांडपाणी निर्देशात लगूनच्या पाण्याचा नमुना गाळून तपासावा असं म्हटलं आहे, आणि न गाळलेल्या नमुन्यात तरंगत्या कणांना लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. अमेरिकेत नेहमीच्या प्रकल्पांना महिन्याच्या सरासरीला ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, तर तळ्यांसारख्या पद्धतींना ४५ ची वेगळी सवलत ठेवली आहे. ही पळवाट नव्हे. पाणी कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखून लावलेली मोजपट्टी आहे.

पण इथेही तळ्यांच्या समर्थकांनी प्रामाणिक राहावं. सांडपाण्यातल्या अमोनियाच्या बाबतीत तळी खरोखरच लंगडी आहेत. उन्हाळ्यात अमोनिया बऱ्यापैकी कमी होतो, थंडीत जवळजवळ होतच नाही. आणि अमोनिया गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये शिंपले आणि गोगलगायी लक्षात घेऊन अमोनियाचे निकष कडक केले, तेव्हा जुनी तळी असलेल्या गावांची कोंडी झाली. यावर ‘शिंपल्यांसाठी गावाला वेठीला धरता का’ असा गळा काढणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ओढा कोरडा पडत आला असेल आणि त्यात मुख्य पाणी आपल्या तळ्याचंच असेल, तर तो ओढा नसून आपला नाला झालेला असतो. अशा ठिकाणी उत्तर एकच: पाणी ओढ्यात सोडूच नका, शेताला द्या. ओढ्याला जे विष आहे, ते नत्र म्हणून पिकाला हवंच असतं. थंड प्रदेशात हिवाळाभर पाणी तळ्यातच साठवतात आणि ओढ्याला भरपूर पाणी असताना, वसंतात आणि शरदात, सोडतात. त्यासाठी सहा-सहा महिन्यांची साठवण ठेवावी लागते. पुन्हा तेच, जागा आणि वेळ.

शेतीला द्यायचं तर निकष वेगळे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी लिटरमध्ये जंताचं एकाहून जास्त अंडं नको आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म १,००० पेक्षा जास्त नकोत, अशी मर्यादा सुचवली होती. २००६ मध्ये संघटनेने ही चौकट बदलून एकूण धोक्याच्या हिशेबावर नेली, पण त्या दोन आकड्यांमागचा विचार अजूनही उपयोगी आहे. ज्याच्या हातापायांना पाणी लागतं त्या शेतकऱ्याला आणि ज्याच्या ताटात भाजी जाते त्याला काय होईल, हा तो विचार. नीट आखलेल्या, नीट राखलेल्या तळ्यांच्या साखळीला ते आकडे गाठता येतात. या वाक्यातलं ‘नीट राखलेल्या’ वगळलं तर उरलेल्या वाक्याला अर्थ राहत नाही.

आता राखणं म्हणजे काय. रोज बांधावरून एक फेरी. पाण्याचा रंग बघायचा: चमकदार हिरवा असेल तर तब्येत ठीक, करडा किंवा काळा झाला तर भार जास्त होतोय, गुलाबी-जांभळी छटा आली तर सल्फाइड वाढलंय, गंधकावर जगणारे जांभळे जीवाणू वर आलेत. वास घ्यायचा. फॅकल्टेटिव्ह तळ्यावर साय धरली असेल तर ती काढायची, कारण ऊन अडतं. जलपर्णी किंवा टिकली (पाण्यावर तरंगणारी बारीक पानांची वनस्पती) दिसली की त्याच दिवशी काढायची, कारण महिन्याने ती काढायला वीस माणसं लागतात. काठावरचं गवत छाटायचं. डास मोकळ्या पाण्यात फारसे वाढत नाहीत, ते काठाच्या गवताच्या सावलीत वाढतात. ‘तळ्यामुळे डास झाले’ अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा तळ्याने काही केलेलं नसतं, कुणी विळा चालवलेला नसतो. उंदीर-घुशींची बिळं बुजवायची. बांधावर उगवलेलं झाड रोपटं असतानाच उपटायचं. नंतर त्याची मुळं बांध फोडतात, आणि तोवर गावाचा त्या झाडावर जीव बसलेला असतो.

यातलं एकही काम कठीण नाही. हेच तर दुखणं आहे. कठीण कामाला माणूस नेमला जातो. सोप्या कामाला ‘कुणीतरी बघेल’ म्हटलं जातं. तो ‘कुणीतरी’ वर्षभर पाणीपुरवठ्याचं बघतो, दिवाबत्तीचं बघतो, वसुलीचं बघतो, आणि तळ्याकडे जातो ते तपासणीला कुणी येणार असलं तर.

एक प्रकार मात्र फेरी मारूनही आवरत नाही, तो सांगतो. दुधाचा बीओडी लिटरमागे एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे गावातल्या एखाद्या दूधप्रक्रिया केंद्रातून हजार लिटर दूध गटारात गेलं, तर तळ्यावर १०० किलोचा भार एकदम येऊन पडतो. आपल्या हिशेबात अडीच हजार माणसांचा दिवसभराचा भार. गाव तीन हजारांचं, आणि तळ्याला एका दिवशी साडेपाच हजारांचं वाटतं. कधीतरी झालं तर तळं ते पचवतं, त्याचा पसारा मोठा असतो म्हणून. रोज होऊ लागलं की महिन्याभरात काळं पडतं. तेव्हा गावाची सभा अभियंत्याला दोष देते. तळ्याला कोण काय पाजतंय, हे बघण्याचा अधिकार आणि धाडस गावाकडे नसेल, तर कोणताही आराखडा उपयोगाचा नाही. तो धंदा सहसा गावातल्या वजनदार माणसाचा असतो, हे वेगळं सांगायला नको.

जागेच्या निवडीतही असंच होतं. तळ्यांसाठी जागा मागितली की गाव देतं ती कुणालाच नको असलेली जमीन: मुरमाड, नाहीतर पुरात जाणारी. मुरमाड जमिनीत पाणी मुरतं आणि शेजारच्या विहिरीत उतरतं. तिथे चिकणमातीचं किंवा प्लास्टिकचं अस्तर लागतं, आणि स्वस्त जमीन महाग पडते. पुराच्या जमिनीत एका पावसात बांध जातो. गावाच्या वरच्या अंगाला जागा दिली तर मैलापाणी पंपाने चढवावं लागतं, म्हणजे यंत्र टाळायला तळं घेतलं आणि यंत्र पुन्हा दारात. जागा हवी ती गावाच्या खालच्या अंगाला, वारा गावावरून ज्या दिशेला जातो त्या बाजूला, घरांपासून किमान २०० मीटरवर, शक्यतो ५०० मीटरवर, चिकणमातीची. अशी जमीन बहुधा चांगल्या शेताचीच असते. ती मोल देऊन घ्यावी लागते आणि त्यावरून भांडण होतं. ते भांडण सुरुवातीलाच होऊ द्यावं. फुकटच्या जमिनीवर बांधलेलं तळं पुढे दर वर्षी आपली किंमत वसूल करतं.

कुंपणाबद्दल दोनच वाक्यं. हिरवं, शांत पाणी मुलांना आणि गुरांना ओढून घेतं, आणि अस्तर लावलेल्या निसरड्या उतारावरून एकदा आत गेलेल्याला बाहेर येता येत नाही. कुंपण, फलक, दोरी आणि तरंगतं कडं हा बांधकामाच्या खर्चाचाच भाग आहे, उरलेल्या पैशांतून करायचा नाही.

आता पैसा. तळ्याचा रोजचा खर्च खरोखरच कमी असतो, आणि म्हणूनच कुणी तो वेगळा काढून ठेवत नाही. पण तळ्याची स्वस्ताई ही उधारी आहे. दर वर्षी न दिलेला हप्ता गाळाच्या रूपाने तळाशी साचत असतो, आणि पंधराव्या वर्षी सगळा एकदम मागितला जातो. तेव्हाचे कारभारी वेगळे असतात. ‘आमच्या काळात बांधलं नाही’ म्हणून ते हात झटकतात, किंवा अनुदान मागतात आणि अनुदान येईपर्यंत गाळ पाण्याची जागा खात जातो. वीस-तीस दिवस थांबायला हवं ते पाणी मग दहा दिवसांत निघून जातं. वरून बघणाऱ्याला तळं तसंच दिसतं. हिरवंही असतं. फक्त पलीकडे जंतांची अंडी शेतात जायला लागलेली असतात.

म्हणून माझी मागणी तंत्राबद्दल कमी आणि कागदाबद्दल जास्त आहे. बांधकामाचा ठराव होतो त्याच दिवशी तीन गोष्टी त्याच ठरावात याव्यात. एक, गाळकाढणीचा वेगळा निधी, ज्याला दुसऱ्या कामासाठी हात लावता येणार नाही आणि ज्यात सांडपाण्याच्या शुल्कातून दर वर्षी भर पडेल. दोन, गाळ वाळवण्याची जागा. उपसलेला गाळ लगेच शेतात टाकता येत नाही, जंतांची अंडी त्यात दीर्घकाळ जिवंत राहतात. तो वाफ्यांत पसरून वाळवावा लागतो, बराच काळ ठेवावा लागतो, आणि मगच मातीत जाऊ शकतो. ही जागा आज राखली नाही तर पंधरा वर्षांनी तिथे घरं उभी असतील. तीन, माणूस. पगारी, नावानिशी नेमलेला, आणि त्याच्या आजारपणात काम बघणारा दुसरा. त्याला ढोपरापर्यंतचे बूट, हातमोजे, धनुर्वाताची लस आणि एकट्याने होडीत न जाण्याचा नियम.

पूर्णवेळ माणूस परवडत नाही असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, ब्लोअरचं वीजबिल परवडणार होतं का? यंत्राच्या प्रकल्पात तेवढे पैसे दर महिन्याला मुकाट्याने गेले असते. तेच पैसे गावातल्या एखाद्या माणसाच्या हातात पगार म्हणून पडतात, तेव्हा मात्र उधळपट्टी वाटते. हे मला कधीच उलगडलेलं नाही.

आजवर चाललेली तळी आणि बंद पडलेली तळी यांचे आराखडे शेजारी ठेवले तर फार फरक सापडणार नाही. फरक सापडेल वहीत. चाललेल्या तळ्याची वही मळकी असते, तिच्या कोपऱ्यांवर ओले अंगठे उमटलेले असतात. तारीख, पाण्याची पातळी, रंग, वास. ‘पूर्वेच्या बांधाला बीळ, बुजवलं.’ ‘साय काढली, दोन घमेली.’ आणि वर्षातून एकदा, बांबू वर आल्यावर, होडीतून परत येऊन लिहिलेली ओळ: ‘मध्यावर गाळ ३१ सेंटिमीटर. गेल्या वर्षी २८.’